रोज बदलणारा नेम: एका सामाईक गेमिंग माउसचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला एक जुनं घर आहे. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकच डेस्कटॉप, आणि तो दोघांच्या वाटणीचा. थोरली बहीण सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे. दिवसा ती त्यावर पोस्टरं आणि लग्नपत्रिका करते, गणपती जवळ आले की मंडळांचे बॅनर. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, रात्री साडेनऊ ते साडेअकरा त्याचं व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम चालतो. त्याच खोलीत आजी झोपते, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

माउस वायरचा, साधारण नव्वद ग्रॅमचा, मधल्या किमतीतला गेमिंग माउस. चाकाच्या मागे डीपीआय, म्हणजे माउसच्या हालचालीला पॉइंटर किती सरकतो ते, बदलायचं बटण, त्याचे चार टप्पे: ४००, ८००, १६०० आणि ३२००. सोबत कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यातली काही सेटिंग्ज माउसच्या स्वतःच्या मेमरीत राहतात, काही फक्त सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत. टेबल आजोबांच्या वेळचं, वर काच घातलेली, त्यावर २२ बाय १८ सेंटिमीटरचं छोटं पॅड. मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा, म्हणजे ७५ हर्ट्‌झचा.

ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि माउस कुठल्या कंपनीचा हेही दिलेलं नाही. या वर्गातल्या बहुतेक माउसांबाबत हे असंच घडू शकतं.

अडचण

भावाची तक्रार एका वाक्याची होती: काल लागत होतं ते आज लागत नाही. एखाद्या रात्री क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) शत्रूच्या डोक्यावरून पुढे निघून जायचा, दुसऱ्या रात्री मान वळवायलाच दोनदा माउस उचलावा लागायचा. तो दरवेळी गेममधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलला की नजर किती वळते तो आकडा, बदलून बघायचा. ०.५ वरून १, मग ०.३, मग परत ०.५. दोन दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच.

बहिणीची तक्रार वेगळी होती. एखादी फाइल निवडायला एकदा टिचकी मारली की ती उघडायचीच. चित्रातला एखादा भाग ओढून नेताना मध्येच हातातून सुटायचा.

दोघांचा एकमेकांवर संशय होता. "ताई, तू परत माउसचा स्पीड बदललास," हे वाक्य त्या घरात आठवड्यातून तीनदा तरी ऐकू यायचं. ती म्हणायची की तिने फक्त विंडोजमधला पॉइंटरचा स्पीड कमी केला, तोही काम संपल्यावर परत होता तिथे आणून ठेवला. ती खरं बोलत होती. पण तिला ज्या सेटिंगची आठवण होती तिचा त्याच्या गेमशी संबंधच नव्हता, आणि जिचा होता ती तिच्या लेखी सेटिंग नव्हतीच.

आधी समजून घ्यायचं गणित

हे प्रकरण नीट कळायला एकच हिशेब लागतो. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो किती काउंट पाठवतो. ८०० डीपीआयवर इंचाला ८०० काउंट. गेम प्रत्येक काउंटमागे नजर ठरावीक अंशाने वळवतो. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना हा कोन ०.०७ अंश आहे, सीएस-२ (काउंटर-स्ट्राइक २) या तसल्याच गेममध्ये ०.०२२ अंश. एका गेममधून दुसऱ्यात जाताना सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने गुणायचं किंवा भागायचं, ते यामुळेच.

त्यामुळे डीपीआय किंवा सेन्सिटिव्हिटी, कुठलाही एक आकडा एकटा काही सांगत नाही. दोघांचा गुणाकार सांगतो, आणि त्याहून चांगलं सांगतं ते सेंटिमीटरमधलं अंतर: गेममध्ये गोल फिरून पुन्हा तिथेच यायला माउस टेबलावर किती सरकवावा लागतो. व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला त्या गुणाकाराने भागायचं. १६०० डीपीआय आणि ०.५ म्हणजे ८००, तर अंतर १६.३ सेंटिमीटर. ८०० आणि ०.५ म्हणजे ४००, अंतर ३२.७. हाताला सवय लागते ती या अंतराची. हाताच्या स्नायूंना डीपीआय हा शब्द माहीत नसतो.

शोध कसा लागला

शेजारच्या घरात हार्डवेअरचं काम करणारा एक दादा आहे, त्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या काहीही बदललं नाही, ही या प्रकरणातली पहिली चांगली गोष्ट. आधी फक्त मोजायचं असं ठरलं.

मोजायची पद्धत साधी आहे आणि कोणालाही जमते. व्हॅलोरंटच्या सराव-रेंजमध्ये उभं राहायचं, एखाद्या दाराच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर ठेवायचा. पॅडच्या वरच्या कडेला ३० सेंटिमीटरची फूटपट्टी चिकटवायची, माउसची डावी बाजू शून्यावर. मग माउस हळूहळू उजवीकडे, तीच कड परत क्रॉसहेअरवर येईपर्यंत. अंतर पट्टीत मावत नसेल तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करायचा. तीनदा मोजून मधला आकडा धरायचा.

पहिल्या रात्री आकडा आला १५.७. दुसऱ्या दिवशी बहिणीचं काम झाल्यावर, गेममध्ये काहीही न बदलता तोच आकडा ३१.५ झाला.

दादाला उत्तर इथेच मिळालं. फरक बरोबर दुप्पट होता. विंडोजच्या ॲक्सिलरेशनमुळे (हाताच्या वेगानुसार पॉइंटरचा वेग बदलण्यामुळे) फरक पडला असता तर तो असा स्वच्छ नसता. हात वेगाने फिरवला तर एक अंतर, सावकाश फिरवला तर दुसरं, असं आलं असतं. दुप्पट, निम्मं, चौपट अशा पटीत फरक आला की संशय डीपीआयच्या टप्प्यावर घ्यायचा. (१६.३ ऐवजी १५.७ का, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. माउसवर लिहिलेली डीपीआय नेमकी नसते, काही टक्क्यांचा फरक सर्रास असतो. या माउसचे ८०० म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ८३० होते. म्हणून हिशेब कितीही पक्का असला तरी पट्टीने मोजायचंच.)

खात्रीसाठी विंडोजमधला पॉइंटर स्पीड १० वरून ४ वर आणून पुन्हा मोजलं. गेममधलं अंतर तसूभरही हललं नाही. व्हॅलोरंट माउसचे काउंट थेट घेतो, विंडोजने त्यांना लावलेला गुणाकार त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे दोघं भावंडं महिनाभर विंडोजमधल्या स्पीडच्या ज्या पट्टीवरून भांडत होती ती या भांडणात निर्दोष होती.

मग बहिणीला कामाला बसवलं आणि काहीही न सांगता बघत राहिले. पाचव्या मिनिटाला पेन टूलने एक बारीक वळण काढताना तिने तर्जनी चाकावरून जराशी मागे घेतली आणि ते छोटं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"हे काय केलंस?"

"अरे, पॉइंटर पळायला लागला की मी हे दाबते. दाबत राहिलं की एकदा मऊ होतो." ती हे वर्षभर करत होती. चाकामागचं ते बटण तिच्या लेखी चाकाचाच भाग होता.

भावाला इतके दिवस हे दिसलं का नाही? टप्पा दाखवणारा दिवा माउसवर होता, प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग. पण रात्री तो उजेड आजीच्या डोळ्यांवर यायचा, म्हणून त्याने सॉफ्टवेअरमधून सगळे दिवे बंद केले होते. योग्यच केलं होतं, फक्त त्याबरोबर टप्पा कळायची एकमेव खूणही गेली.

मागच्या काही रात्रींचा हिशेब मांडला तेव्हा त्याच्या हातांची दया आली. ४०० वर ०.५ असताना एका फेऱ्याला ६५ सेंटिमीटर. मग त्याने वैतागून सेन्सिटिव्हिटी १ केली, दुसऱ्या दिवशी टप्पा १६०० वर गेला, तेव्हा ८ सेंटिमीटर. एकाच आठवड्यात आठपट फरक. असल्या बदलात कोणाचाच नेम बसू शकत नाही, मग तो कितीही तास खेळो.

कोणते पर्याय होते

भावाचा पहिला आग्रह नव्या माउसचा होता. ६० ग्रॅमच्या आतला, चार-साडेचार हजारांचा, २६००० डीपीआयचा. या शेवटच्या आकड्यात काही अर्थ नाही. तो सेन्सरची वरची मर्यादा सांगतो, तिथे कोणी खेळत नाही. नेमबाजीचे गेम गंभीरपणे खेळणारे बहुतेक जण ४०० ते १६०० मध्येच असतात. हलक्या वजनाचा फायदा खरा आहे, पण टप्प्याचं बटण नव्या माउसवरही असतं आणि बहीणही तीच असते.

दुसरा पर्याय नावाजलेल्या खेळाडूची सेटिंग्ज उचलायचा. त्याने तोही करून पाहिला होता, म्हणूनच मध्ये ०.३ आलं. अशा खेळाडूंची जागा मोठी असते. अर्ध्या टेबलाएवढं पॅड, कोपरापासून हलणारा हात. २२ सेंटिमीटरच्या पॅडवर ४५ सेंटिमीटरचा फेरा नेऊन ठेवला तर खेळणारा निम्मा वेळ माउस उचलण्यातच घालवतो.

तिसरा पर्याय आईने सुचवला: ताईला साडेतीनशे-चारशेचा साधा माउस आणा आणि भांडण मिटवा. आमच्या मते हा पर्याय जितक्या पटकन बाजूला सारला गेला तितका सारायला नको होता. त्याने टप्प्याचा घोळ त्याच दिवशी संपला असता. दादाचं म्हणणं होतं की डबल क्लिक (एका टिचकीच्या दोन होणं) आणि लहान पॅड हे दोन दोष तसेच राहतील, शिवाय दोन माउस ठेवायला टेबलावर जागा नाही. दोन्ही मुद्दे बरोबर होते, पण पहिल्या आठवड्यापुरता तो माउस आणला असता तर बाकीचं काम शांतपणे झालं असतं.

चौथा, आणि निवडलेला पर्याय: आहे तोच माउस, सेटिंग्ज मूळपदावर आणून एकेक करून बसवायची, आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं.

काय केलं

पहिलं काम टप्पे काढून टाकायचं. सॉफ्टवेअरमध्ये चारऐवजी एकच टप्पा ठेवला, ८००. बटण दाबलं तरी आता जायला दुसरी जागाच नाही. ८०० का? सेन्सरच्या दृष्टीने १६०० सुद्धा चाललं असतं. पण मॉनिटर फुल एचडी आहे आणि बहिणीला सावकाश पॉइंटर हवा होता. ८०० वर विंडोजची स्पीडची पट्टी मधोमध ठेवली तर पडदा ओलांडायला सुमारे ६ सेंटिमीटर लागतात, ते तिला जवळजवळ हवं तसं होतं.

हे सेटिंग माउसच्या मेमरीत लिहिलं आहे की नाही हे तपासणं महत्त्वाचं होतं. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून, माउस काढून, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या लॅपटॉपला लावला आणि तिथे डेस्कटॉपवरच अंतर मोजलं. पहिल्यांदा माउस पुन्हा १६०० वर निघाला. सॉफ्टवेअरमध्ये "लागू करा" दाबलं होतं, पण मेमरीत साठवायचा आदेश वेगळा होता, तो राहिला होता. ही चूक घरी कळतच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये सामना असला, तिथे सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसली, की कळते. व्हॅलोरंटची सेन्सिटिव्हिटी खात्याबरोबर दुसऱ्या मशीनवर जाते, माउसची डीपीआय जात नाही.

दुसरं, विंडोजमध्ये दोघांची वेगळी खाती केली. पॉइंटरचा स्पीड आणि ॲक्सिलरेशन खात्यागणिक वेगळं राहतं. भावाच्या खात्यात स्पीड १० आणि "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" (विंडोजमधलं ॲक्सिलरेशनचं नाव) बंद. गेमला त्याचा फरक पडत नाही, पण डेस्कटॉपवरही हाताला तोच हिशेब मिळावा म्हणून. बहिणीने तिच्या खात्यात स्पीड ८ घेतला आणि ॲक्सिलरेशन चालू ठेवलं. हळू हललं की पॉइंटर आणखी हळू होतो, ते तिला बारीक कामात आवडतं. तिला ते बंद करायला लावायचं काहीच कारण नव्हतं. "अँगल स्नॅपिंग" मात्र दोघांसाठी बंद केलं. ते जवळपास सरळ रेघेला जबरदस्तीने सरळ करतं. तिच्या वळणांत मधूनच येणाऱ्या सपाट पायऱ्या त्यामुळे होत्या.

पोलिंग रेट आधीपासून १००० हर्ट्‌झ होता, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक निरोप. तो तसाच ठेवला. माउस मात्र पुढच्या हबमधून काढून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला. मॉनिटर ७५ चा असून विंडोजमध्ये ६० वर चालत होता, तेही सरळ केलं.

मग टेबल. इथे सर्वात जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. साडेचारशे रुपयांचं ४५ बाय ४० चं कापडी पॅड आणलं. काचेवर सेन्सर बिचकतो, आणि लहान पॅडवर जोरात हात फिरला की माउस काचेवर उतरतो. पूर्ण आकाराचा कीबोर्ड तिरका ठेवूनही पॅडचा डावीकडचा ६ सेंटिमीटर भाग त्याच्याखाली गेला, उरले ३९. माउसची स्वतःची रुंदी ६, म्हणजे माउसला प्रत्यक्ष सरकायला ३३. मधून सुरुवात केली तर एका बाजूला साडेसोळा.

सेन्सिटिव्हिटी इथून ठरली. मागे वळून बघायला, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला, माउस उचलावा लागू नये ही अट घातली. अर्धा फेरा साडेसोळात, तर पूर्ण फेरा ३३ च्या आत. १३०६३ भागिले ३३ म्हणजे ३९६. ८०० डीपीआयवर ते ०.५ च्या अगदी जवळ येतं. मोजलेलं अंतर ३१.५. भाऊ आधी ०.५ वरच खेळायचा, पण १६०० वर. म्हणजे आकडा तोच राहिला आणि हाताचं काम दुप्पट झालं. ०.४ करून बघावं असा त्याचा विचार होता, पण तिथे फेरा ४० च्या आसपास जातो, टेबल ते देऊ शकत नाही.

उचलण्याची उंची

नवं पॅड आल्यावरही एक खोड राहिली होती. माउस उचलून मध्ये आणताना क्रॉसहेअर किंचित खाली सरकायचा. माउस हवेत असतानाही सेन्सर काही अंतरापर्यंत पृष्ठभाग वाचत राहतो, त्याला लिफ्ट-ऑफ अंतर म्हणतात. ते घरी मोजायला एटीएम कार्डं पुरतात. नक्षी न उठलेलं साधं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. माउसच्या पुढच्या आणि मागच्या स्केटखाली (तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली) सारखीच कार्डं ठेवायची, मधला सेन्सर उघडा राहू द्यायचा, आणि माउस कार्डांसकट पॅडवर हलवून पॉइंटर हलतो का ते बघायचं.

दोन कार्डांवर पॉइंटर हलला, तीनवर हलला, चारवर थांबला. म्हणजे अंतर २.३ ते ३ मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी. सॉफ्टवेअरमध्ये "लो" केलं, नव्या पॅडवर पृष्ठभागाची नोंद पुन्हा करून घेतली. आता दोन कार्डांवर हलतो, तीनवर थांबतो. क्रॉसहेअरची घसरण जवळपास गेली.

डबल क्लिक

बहिणीच्या तक्रारीचं मूळ डिबाउन्समध्ये निघालं. यांत्रिक स्विचमधला पत्रा दाबताना एकदाच टेकत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो. माउस तेवढा वेळ नंतरचे स्पर्श मोजत नाही. त्या वेळेला डिबाउन्स म्हणतात. भावाने कुठेतरी "जितकं कमी तितकं वेगवान" असं बघून ते ८ वरून २ मिलिसेकंदांवर आणलं होतं. स्विच नवा असता तर कदाचित खपून गेलं असतं. दीड वर्ष दिवसरात्र वापरलेल्या स्विचला २ मिलिसेकंद पुरत नव्हते, एकाच टिचकीचे दोन क्लिक होत होते. ओढताना सुटणं हाही त्याचाच प्रकार: बोट दाबलेलं असताना संपर्क क्षणभर तुटला की माउसला वाटतं, बटण सोडलं.

ते ८ वर परत नेलं. एका कोऱ्या पानावर सावकाश २०० टिचक्या मारून मोजल्या. २ वर असताना ११ दुहेरी आल्या होत्या, ८ वर एकही नाही. भावाला सहा मिलिसेकंद गमावल्याची खंत होती. त्याच्या मॉनिटरवर एक चित्र १३ मिलिसेकंद राहतं. शिवाय काही माउस पहिला स्पर्श लगेच मोजतात आणि नंतरचे अडवतात, तिथे दाबण्याला उशीर होतच नाही. हा माउस त्यातला आहे की नाही हे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. जे दिसत होतं ते एवढंच, की क्लिक आता एकच पडत होता.

काय निष्पन्न झालं

पहिले चार-पाच दिवस वाईट गेले. फेरा १६ वरून ३२ ला गेल्यावर मनगटाने होणारं काम कोपर आणि खांद्यावर येतं. तिसऱ्या दिवशी त्याचा खांदा भरून आला. टेबल जुनं, ७८ सेंटिमीटर उंच, खुर्ची बुटकी. बाहू वर उचलून खेळावं लागत होतं. खुर्चीवर दोन उशा टाकल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला आलं आणि दुखणं थांबलं.

बदल करण्याआधी पाच रात्री सराव-रेंजमध्ये मध्यम वेगाच्या ३० बॉट्सच्या (संगणकाने चालवलेल्या लक्ष्यांच्या) रोज पाच खेपा नोंदवल्या होत्या, प्रत्येक खेपेत ३० पैकी किती टिपले ते. सरासरी ११, सर्वात कमी ५, सर्वात जास्त १७. चार आठवड्यांनी पुन्हा तसंच केलं: सरासरी १५, सर्वात कमी १२, सर्वात जास्त १८. वरचं टोक फक्त एकाने सरकलं. खालचं टोक सातने वर आलं. त्याची तक्रार होती ती नेमकी या खालच्या टोकाची, त्याच्या चांगल्या दिवसांची नव्हे. रँकवर काय परिणाम झाला यावर आम्ही काही म्हणत नाही, त्यात सोबतचे खेळाडू आणि नेट यांचाही वाटा असतो.

बहिणीच्या दोन्ही तक्रारी गेल्या. जुन्या सवयीने ती अजून चाकामागचं बटण दाबते. काही होत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सेन्सिटिव्हिटी एका फटक्यात निम्मी करायची गरज नव्हती. १६ वरून २२, मग २७, मग ३२, असं प्रत्येकी चार-पाच दिवसांनी केलं असतं तर खांद्याला वेळ मिळाला असता. याउलट मतही आहे, की मधल्या टप्प्यांची सवय लावून ती मोडण्यापेक्षा एकदाच त्रास बरा. या मुलाच्या बाबतीत खुर्ची आधी नीट केली असती तर दुसरं मतही चाललं असतं. खुर्ची आणि टेबल शेवटी बघितलं गेलं, ते पहिल्या दिवशी बघायला हवं होतं.

पॅड, लिफ्ट-ऑफ आणि डिबाउन्स हे तीन बदल एकाच रविवारी झाले. त्यामुळे सुधारणेतला कोणता वाटा कशाचा हे आता वेगळं काढता येत नाही. टप्प्याचा बदल तेवढा एकटा मोजला गेला, म्हणून त्याबद्दल खात्रीने बोलता येतं.

आणि एक निर्णय ज्याचं श्रेय द्यायला हवं: भावाने दिवे परत लावले नाहीत. एकच टप्पा उरल्यावर रंगाची गरज नव्हती, आणि आजीची झोप राहिली.

पावसाळ्यात

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डबल क्लिक परतलं. बडोद्याचा पावसाळा दमट, खोलीच्या भिंतींना ओल, आणि नेमकी तेव्हाच मंडळांच्या बॅनरची घाई, म्हणजे दिवसाला हजारो टिचक्या. डिबाउन्स १२ वर नेल्यावर आठवडाभर निभावलं, मग १२ वरही दुहेरी पडायला लागल्या. डिबाउन्स झिजलेल्या स्विचचा दोष झाकतो, स्विच दुरुस्त करत नाही, हे एप्रिलमध्ये सेटिंग्ज बसवतानाच दोघांना सांगून ठेवायला हवं होतं.

दादाने माउस उघडला. स्क्रू खालच्या स्केटच्या आत असतात, स्केट उचकटताना फाटले. डाव्या बटणाचा तीन पायांचा स्विच डिसोल्डर करून नवा बसवला, आणि उजवाही त्याच बनावटीचा बदलला, नाहीतर दोन बोटांना दोन वेगळे दाब लागले असते. डिबाउन्स परत ८.

नवे स्केट जुन्यापेक्षा किंचित जाड निघाले. माउस तेवढा वर उचलला गेला, म्हणून पट्टी आणि कार्डं पुन्हा बाहेर काढली. फेरा ३१.५ वरून ३१.८ झाला होता. सेन्सर पृष्ठभागापासून थोडा लांब गेला की इंचामागे काउंट थोडे कमी येतात. भाऊ ०.५०५ करायला निघाला होता, दादाने तो हात अडवला. कार्डांच्या चाचणीत आता दोनवर पॉइंटर अडखळत हलत होता, एकावर नीट. तेवढं चालण्यासारखं होतं.

टेबलाच्या काचेखाली, आजोबांच्या जुन्या फोटोशेजारी, बहिणीच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: टप्पा ८००, सेन्स ०.५, फेरा ३१.८, डिबाउन्स ८, कार्ड १. खाली वेगळ्या शाईत: ताई, पॉइंटर ८.